विक्रेत्याचें मौन

खोटें बोलूं नये हें सर्वांना मान्य आहे. निदान तसें म्हणण्यास कोणाची हरकत नसते. परंतु न बोलण्याविषयीं मात्र आपल्या मनांत तितकी स्पष्टता आढळत नाहीं. जें आपणांस ठाऊक आहे, दुसऱ्यास ठाऊक नाहीं, आणि ठाऊक झाल्यास ज्यामुळें त्याचा निश्चय बदलेल, तें त्याला आपण होऊन सांगणें हें आपलें कर्तव्य आहे, कीं त्यानें विचारीपर्यंत गप्प बसणें हा आपला हक्क आहे? हा प्रश्न न्यायसभेंतच उद्भवतो असें नाहीं; भाजीच्या बाजारांत, सोयरीक जुळवितांना, घर भाड्यानें देतांना तो रोज उद्भवतो. माझ्यापुढें तो एका जुन्या मोटारीच्या निमित्तानें आला. निमित्त क्षुद्र आहे हें मी जाणतों. परंतु मोठे प्रश्न सामान्य मनुष्याच्या घरीं क्षुद्र निमित्तांनींच येतात, आणि तेथें त्यांचें उत्तर पुस्तकांतल्याप्रमाणें सवडीनें देतां येत नाहीं.

ही मोटार म्हणजे सतरा वर्षांपूर्वीं घेतलेली एक लहान व्हॅन. मारुती कंपनीनें सन १९८४ मध्यें जिचा प्रघात पाडला व सन २०१९ मध्यें जिचें उत्पादन थांबविलें, त्या ओम्नीच्या जातीची. ह्या गाडीनें आपल्या प्रांतांत केलेलीं कामें आठवलीं म्हणजे तिच्याविषयीं थोडा आदरच वाटतो. शाळेचीं मुलें, दवाखान्यांत न्यावयाचे रुग्ण, दुधाचे कॅन, मांडववाल्याच्या खुर्च्या, लग्नाचें वऱ्हाड, ह्यांपैकीं कशालाही तिनें कधीं नाहीं म्हटलें नाहीं. इंजिन तीन सिलिंडरांचें, अवघें ७९६ घनसेंटिमीटर क्षमतेचें, तेंही पुढच्या आसनांच्या खालीं दडलेलें. शक्ति मात्र पोंचावयाची मागच्या चाकांना. आमच्या घरीं ती आली तेव्हां मुलें लहान होतीं. पैठण, वेरूळ, कन्नड, शिर्डी अशा यात्रा तिनें घडविल्या. पुढें मुलें शिक्षणासाठीं बाहेर गेलीं, आणि आठ माणसांना पुरणारी ती गाडी आम्हां दोघांना घेऊन फिरूं लागली.

गेल्या दोन वर्षांत तिला दोन विकार जडले. पहिला हा कीं, चढ लागला म्हणजे तिची ओढ कमी पडे; आणि दुसरा हा कीं, दुसरा गिअर आपोआप निसटूं लागला. शहरांत हे दोन्ही विकार जवळजवळ दिसत नसत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे सन २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, ह्या शहरांत जालना रस्त्यावर क्रांती चौकापासून चिकलठाण्यापर्यंत गाडी न्यावी, तिच्याविषयीं तक्रारीस जागा सांपडणार नाहीं. परंतु दौलताबादचा किल्ला मागें टाकून खुलताबादच्या घाटास लागलें कीं तिचें खरें वय प्रकट होई. चढतांना इंजिन मोठ्यानें ओरडे आणि गाडी मात्र बैलगाडीच्या गतीनें सरके. उतरतांना दुसऱ्या गिअरमध्यें एक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, तों गिअरचा दांडा हातास झटका देऊन मध्यें येई, आणि इंजिनाच्या रोधानें आतांपर्यंत आवरलेली गाडी एकाएकीं मोकळी सुटे. मग सर्व भार एकट्या ब्रेकवर. वळणावर हा अनुभव ज्यानें एकदां घेतला तो पुढच्या वळणापर्यंत बोलत नाहीं.

ह्या दुखण्याचें निदान कसें होतें हें थोडें सांगावयास हवें, कारण पुढचा नैतिक प्रश्न त्यावरच उभा आहे. शक्ति उत्पन्न होते एका ठिकाणीं आणि उपयोगीं पडावयाची असते दुसऱ्या ठिकाणीं. ह्या दोहोंमधील सांखळीचा कोणता दुवा निकामी झाला हें ओळखणें म्हणजे निदान. आमच्या शहरांतील पाणचक्की ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें सहज पटेल. अठराव्या शतकांत बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्याच्या आवारांत चालूं झालेल्या त्या चक्कीला पाणी येतें तें दूरच्या डोंगरांतून, मातीच्या नळांवाटे. त्या पाण्याच्या जोरानें खालचें चक्र फिरतें, आणि चक्राच्या आंसानें वरचें जातें फिरतें. पीठ पडेनासें झालें तर डोंगरांतला झरा आटला असेल, वाटेंत नळ फुटला असेल, किंवा आंस आणि जातें ह्यांचा सांधा झिजला असेल. बाहेरून पाहणाऱ्यास तिन्हींचा परिणाम एकच दिसतो.

मोटारींतही तेंच आहे. इंजिनांत शक्ति उत्पन्न होते. क्लचप्लेट ती पकडते. गिअरबॉक्स तिला कधीं जोराचें तर कधीं वेगाचें रूप देतो. लांब शाफ्ट ती मागच्या आंसापर्यंत नेतो. चढावर एक्सिलरेटर दाबला असतां इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाहीं, तर शक्ति निर्माण होत आहे पण क्लच ती निसटूं देत आहे. उलट आवाजच बसत गेला तर तोटा उगमापाशीं आहे. पिस्टनच्या रिंगा झिजून कॉम्प्रेशन गेलें असेल, किंवा पेट्रोलचा नाहींतर हवेचा फिल्टर तुंबला असेल. गिअर निसटणें हा तिसराच रोग. त्यांत दात्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात, किंवा गिअरला जागेवर धरणारी स्प्रिंग थकलेली असते. तो पाय उचलल्यावर, म्हणजे नेमका उतारावर, डोकें वर काढतो.

माझे मिस्त्री चाळीस वर्षें ह्याच कामांत मुरलेले आहेत. त्यांनीं मला चालवावयास लावून, स्वतः शेजारीं बसून, गाडी घाटांत नेली आणि परत येऊन निकाल दिला. क्लचप्लेट गेली; दुसरा गिअर झिजला; रिंगाही थकल्या. "क्लच आणि गिअरबॉक्सचे बावीस हजार धरा सर, इंजिन खोलायचं तर आणखी पंचवीस." गाडीची बाजारांतली किंमत सत्तर हजारांच्या आसपास. कारखान्यानें कांहीं निकृष्ट माल घातला असेल काय, असें मीं उगाच विचारलें. ते हंसले. "नाही सर. सतरा वर्षं चालली, अजून काय पाहिजे? आणि तुम्ही सगळ्या रस्त्यानं पाय क्लचवर ठेवून बसता, ते मी आता बघितलं." दोष कोणाच्या माथीं मारावा ह्या विचाराचा तेथेंच निकाल लागला.

आम्हीं गाडी विकण्याचें ठरविलें. मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते व पुढें पांच पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. सन २०२२ पासून ह्या नव्या नोंदणीचें शुल्क एकदम पांच हजार झालें होतें. तें भरून आम्हीं सन २०२३ मध्यें नोंदणी वाढवून घेतली होती. त्या वेळीं हे विकार सुरू झाले नव्हते, आणि तपासणींत गाडी रीतसर उत्तीर्ण झाली. त्यामुळें कागद तिला सन २०२८ पर्यंत धडधाकटच म्हणणार होता. एका दलालानें मला तीन उपाय सुचविले. गिअरबॉक्समध्यें दाट तेल ओतावें, म्हणजे निसटणें कांहीं दिवस दबतें. इंजिन धुऊन चकचकीत करावें. आणि गिऱ्हाइकास जालना रस्त्यावरच फिरवावें. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, "खोटं कुठं बोलायचंय सर? त्यानं विचारलं तर सांगा."

दाट तेल ओतण्याचें मीं नाकारलें, आणि त्याबद्दल मला त्या दिवशीं थोडा अभिमानही वाटला. तो अभिमान फार टिकला नाहीं.

चार दिवसांनीं खुलताबादकडील एक तरुण आला. त्या भागांतलीं सीताफळें आणि पेरू शहरांत आणून विकण्याचा त्याचा धंदा. भाड्याच्या गाडीला पैसे देऊन हातीं कांहीं राहत नाहीं, म्हणून स्वतःची गाडी हवी होती. म्हणजे हा मनुष्य माझी गाडी रोज पहांटे भरल्या ओझ्यानें नेमका तोच घाट उतरवून आणणार, आणि संध्याकाळीं चढवून नेणार. त्यानें ती घरासमोरच्या सपाट रस्त्यावर दोनदां फिरविली, खालीं वांकून तेलाचा डाग आहे कीं काय तें पाहिलें, आणि म्हणाला, "सर, तुमची गाडी म्हणजे त्यात बघायचं काय? काही असतं तर तुम्ही सांगितलंच असतं."

मी गप्प राहिलों. नाहीं, खरें सांगावयाचें तर गप्पही राहिलों नाहीं. मी म्हणालों, "जुनी आहे, जरा सांभाळून चालवा." त्यानें मान हालविली, पांच हजार रुपये इसार दिला, आणि तो गेला.

हें वाक्य मीं कां उच्चारलें, ह्याचा मीं पुढें पुष्कळ विचार केला. त्यांत एकही अक्षर खोटें नाहीं. उद्यां कांहीं घडलें असतें तर "मीं सांगितलें होतें" असें म्हणावयास तें मला उपयोगीं पडलें असतें. त्याला सावध करण्यासाठीं तें नव्हतें, मला मोकळें करण्यासाठीं होतें. ऐकणाऱ्याला कांहींच कळूं नये, पण बोलणाऱ्याला बोलल्याचें समाधान मिळावें, अशा रीतीनें सत्य सांगतां येतें, हें मला त्या सायंकाळीं प्रथम उमगलें.

त्या रात्रीं मीं कपाटांतून सन १८७२ चा करार कायदा काढला. मी कायद्याचा पदवीधर नाहीं. परंतु त्या कायद्याच्या कलमांना जोडलेलीं लहान लहान उदाहरणें मला पूर्वींपासून आवडतात. सतराव्या कलमांत कपटाची व्याख्या करून असा खुलासा केला आहे कीं, नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे; मात्र परिस्थितीमुळें बोलणें कर्तव्य ठरत असेल, किंवा मौनच भाषणाच्या तोडीचें होत असेल, तर गोष्ट वेगळी. मग एक घोडा येतो. तो सदोष आहे हें मालकास माहीत आहे. तो त्याला लिलावांत विकतो आणि कांहीं बोलत नाहीं. हें कपट नव्हे. दुसऱ्या उदाहरणांत घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तेथें नात्यामुळें सांगणें कर्तव्य होतें. तिसऱ्यांत घेणारा म्हणतो कीं, तुम्हीं नाकारलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन. आणि मालक गप्प राहतो. तेथें मौन हेंच भाषण. चौथ्यांत दोघेही व्यापारी आहेत आणि एकास भावाच्या चढउताराची खाजगी बातमी आहे. ती सांगण्यास तो बांधलेला नाहीं.

तिसऱ्या उदाहरणापाशीं मी थांबलों. घोड्याच्या जागीं व्हॅन आणि मालकाच्या जागीं मी, एवढाच फरक. परंतु विचार करूं लागल्यावर मला दुसरें उदाहरण अधिक बोलकें वाटूं लागलें. मुलीला सांगणें कर्तव्य आहे, तें कां? रक्ताचें नातें आहे म्हणून, कीं ती बापावर विसंबून आहे म्हणून? रक्त हें कारण धरलें तर नीति म्हणजे केवळ आपल्या माणसांचा पक्षपात होईल. विसंबणें हें कारण धरलें तर जो कोणी आपल्या शब्दावर, किंवा आपल्या मौनावर, विसंबून पाऊल टाकतो, तो त्या व्यवहारापुरता त्या मुलीच्याच जागीं येतो. कायद्याला अशी व्यापक रेषा ओढतां येत नाहीं. न्यायाधीशासमोर विश्वासाचा पुरावा आणावयाचा कोठून? म्हणून तो नात्यापाशीं थांबतो. परंतु कायदा जेथें थांबतो तेथें कर्तव्यही थांबलें असें मानणें म्हणजे कुंपण हीच शेताची मर्यादा न मानतां जगाची मर्यादा मानणें होय.

हा वाद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें सिसेरोनें कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या भागांत तो आला आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोंचतो. मागून आणखी धान्याचीं जहाजें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे. तें सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें विकावें? दुसरें उदाहरण घराचें. घर रोगट, लांकडें कुजकीं, खोल्यांत सर्प निघतात. हें मालकाखेरीज कोणास ठाऊक नाहीं. बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो कीं, कायद्यानें जेवढें सांगावयास लावलें आहे तेवढें सांगावें, खोटें बोलूं नये, आणि मग आपला माल आपल्या फायद्यानें विकावा. घे म्हणून कोणी सक्ति केली नाहीं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो कीं, मनुष्यमात्राचें हित एकमेकांत गुंतलेलें आहे. तेव्हां विकत घेणाऱ्यास माहीत नाहीं असें कांहींही ठेवूं नये. सिसेरो शिष्याच्या बाजूनें कौल देतो, परंतु एक विवेक करतो. प्रत्येक न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. जें कळण्यांत दुसऱ्याचें हित आहे, तें स्वतःच्या लाभासाठीं त्याला कळूं न देणें, हें लपविणें.

ह्या विवेकाचा मला मोठा उपयोग झाला. भूमितीचा सिद्धांत ठाऊक असून मीं वाटसरूस सांगितला नाहीं, तर मीं कांहीं लपविलें नाहीं. पुढें पूल वाहून गेला आहे हें ठाऊक असून सांगितलें नाहीं, तर अपराध केला. आणि त्याच्या आडरानांत अडकण्यावर माझी कमाई अवलंबून असेल, तर त्या अपराधास दुसरें नांव द्यावें लागेल.

आपल्याकडचा कौटिल्य ह्या बाबतींत अधिक व्यवहारी दिसतो. अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणांत विक्री केल्यानंतरच्या तक्रारींचा विचार आहे. रोगी मनुष्यास किंवा जनावरास निरोगी म्हणून सांगितलें तर बारा पण दंड. आणि चतुष्पाद जनावर परत करण्यास तीन पक्षांची, म्हणजे दीड महिन्याची, मुदत. एवढ्या काळांत त्याचें बरेंवाईट कळून येतें, असें कारणही तो देतो. विकणाऱ्याच्या सद्बुद्धीवर त्यानें भिस्त ठेवलेली नाहीं. घेणाऱ्याला काळ दिला. जनावराचा स्वभाव त्याच्याबरोबर राहिल्यावांचून कळत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. ज्याच्यापाशीं सतरा वर्षांचा सहवास आहे तो, आणि ज्याच्यापाशीं सपाट रस्त्यावरच्या दोन फेऱ्या आहेत तो, हे दोघे समान पातळीवर सौदा करीत नाहींत.

ह्यावर जे आक्षेप घेतले जातात ते पोकळ नाहींत. पहिला असा कीं, जुनी गाडी म्हणजे तिच्यांत दोष असणारच आणि किंमत त्या हिशेबानेंच ठरते. खरें आहे, परंतु किंमत ठरते ती त्या वयाच्या सर्वसाधारण गाडीच्या दोषांवरून. उतारावर गिअर सोडणारी गाडी ही सर्वसाधारण नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, घेणाऱ्यानें आपला मिस्त्री आणावा. त्यानें आळस केला तर शासन त्यानें भोगावें. सन १९३० च्या माल विक्री कायद्याची सामान्य वृत्तिही अशीच आहे. परंतु ह्या तरुणानें मिस्त्री कां आणला नाहीं? आळसानें नव्हे, माझ्याकडे पाहून. गांवांत तीस वर्षें शिकविलेल्या मनुष्याची जी कांहीं पत असते ती त्यानें मिस्त्रीच्या जागीं धरली. मीं ती पत नाकारली नाहीं. तिचे पैसे मात्र मी घेणार होतों.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सांगावयाचें तरी किती? दाराची रबरपट्टी सैल आहे, उन्हाळ्यांत आसन तापतें, हॉर्न कधीं कधीं रुसतो, हें सर्व सांगत बसलें तर विक्री होणार नाहीं आणि महत्त्वाची गोष्ट त्या गर्दींत हरवेल. हें मला मान्य आहे. म्हणून मीं माझ्यापुरते तीन वर्ग केले. जें कोणासही डोळ्यांनीं दिसतें तें सांगण्याची गरज नाहीं. जें केवळ सहवासानें कळतें व पैशाचें नुकसान करतें, तें सांगावें, निदान विचारण्यास वाव द्यावा. आणि ज्यानें जिवाला धोका आहे तें विचारण्याची वाट न पाहतां, समजेल अशा शब्दांत सांगावें. इंजिनाचा थकवा दुसऱ्या वर्गांत पडतो. दुसरा गिअर निःसंशय तिसऱ्या.

आणखी एक आक्षेप मला स्वतःलाच सुचला. ज्याला सत्तर हजार रुपये रुग्णालयाच्या बिलासाठीं हवे आहेत त्यालाही हाच नियम लावावयाचा काय? मला वाटतें, कर्तव्य त्यालाही आहे. पण तो चुकला तर त्याला दोष देतांना माझी जीभ अडखळेल. मला मात्र ती सवलत नव्हती. माझें वेतन वेळेवर येत होतें.

ह्या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज एकरलॉफ ह्यांनीं सन १९७० मध्यें जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढें सन २००१ मध्यें ज्यांना नोबेल पारितोषिक मिळालें त्या तिघांपैकीं ते एक. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. घेणाऱ्यास चांगली गाडी व वाईट गाडी ह्यांतला भेद ओळखतां येत नसेल, तर तो दोहोंनाही मधलीच किंमत देऊं करील. त्या किंमतीस चांगल्या गाडीचा मालक विकणार नाहीं. वाईटाचा मात्र आनंदानें विकेल. त्यामुळें बाजारांत वाईट गाड्यांचें प्रमाण वाढेल, किंमत आणखी उतरेल, आणखी चांगल्या गाड्या बाहेर पडतील. म्हणजे गप्प बसणारा विक्रेता एका गिऱ्हाइकाचेंच नुकसान करतो असें नाहीं; शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याच्या खऱ्या बोलण्याची किंमतही तो उतरवितो. विश्वास हा सार्वजनिक विहिरीसारखा आहे. त्यांत कोणी काय टाकलें हें पाणी भरणाऱ्या प्रत्येकास भोगावें लागतें.

असो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं त्या तरुणास बोलावून सर्व सांगितलें. घाट, दुसरा गिअर, क्लच, रिंगा, मिस्त्रींचा अंदाज, कांहीं ठेवलें नाहीं. माझी अपेक्षा, लाज वाटते पण सांगतों, अशी होती कीं तो माझे आभार मानील. त्यानें आभार मानले नाहींत. तो थोडा वेळ गाडीकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "सांगितलंत हे बरं केलंत सर. पण काल सांगायला पाहिजे होतं. भाड्याच्या गाडीवाल्याला मी रात्रीच नाही म्हणून आलो." मीं इसार परत केला. त्यानें नोटा न मोजतां खिशांत घातल्या. ऐन हंगामांत त्याला दुसरी गाडी शोधण्यास किती दिवस लागले असतील हें मला विचारवलें नाहीं. सत्य उशीरां सांगितलें तरी तें सत्यच राहतें. पण एका रात्रीच्या मौनाची किंमत ज्यानें मौन धरलें त्यानें भरली नाहीं, दुसऱ्यानें भरली.

कांटनें सन १७८५ मध्यें एका दुकानदाराचा दाखला दिला आहे. तो अजाण गिऱ्हाइकास फसवीत नाहीं, पण तें कर्तव्यबुद्धीनें कीं दुकानाचें नांव राहावें म्हणून, हें बाहेरून सांगतां येत नाहीं. मीं त्या सकाळीं सांगितलें तें कशानें, हें मला आंतूनही नीट सांगतां येत नाहीं. ह्या शहरांत ज्या चौकांत जावें तेथें एखादा जुना विद्यार्थी भेटतो. तेव्हां भीतीचाही त्यांत भाग असेल. परंतु घाटावर सुटलेली गाडी हेतु विचारीत नाहीं, आणि हेतु शुद्ध होईपर्यंत सांगणें लांबणीवर टाकावें असें कांटही म्हणणार नाहीं.

येथें गोष्ट संपली असें मला वाटलें होतें. पण दलाल पुन्हां आला. त्याला सर्व दोष ठाऊक होते, तरीही तो पन्नास हजार देण्यास तयार होता. "मला सगळं माहीत आहे सर; मग तुमच्यावर काय बोट?" वरवर पाहतां तो अगदीं बरोबर बोलत होता. मीं कोणापासून कांहीं लपविलें नसतें. परंतु तो गाडी ठेवून घेणार नव्हता. दाट तेल ओतून पुढें विकणार होता. माझें सत्य त्याच्यापाशीं पोंचून तेथेंच बुजविलें जाणार, आणि घाट उतरणारा मनुष्य पुन्हां अजाण राहणार, हें मला धडधडीत दिसत होतें. ज्याला सत्य सांगितलें तोच तें दडपणार हें ठाऊक असतांना, त्याला सांगून आपण कर्तव्यमुक्त होतों काय? सिसेरोच्या दोन्ही तत्त्वज्ञांनीं ह्या मधल्या मनुष्याचा विचार केलेला नाहीं. आजच्या बाजारांत मात्र विकणारा आणि वापरणारा ह्यांच्यामध्यें तोच उभा असतो.

दोन मार्ग उरले. एक, नोंदणीकृत केंद्रांत गाडी मोडीत देणें. सन २०२१ च्या नियमांनीं ती सोय झाली आहे. दुसरा, दुरुस्ती. मिस्त्री म्हणाले कीं सांगाडा अजून चांगला आहे, मोडणें जिवावर येतें. मीं त्यांचें ऐकलें. क्लच व गिअरबॉक्स ह्यांचें काम बावीसऐवजीं चोवीस हजारांत झालें. इंजिन तसेंच ठेवलें. नंतर शहरांतल्या शहरांत काम असलेल्या एका गृहस्थानें ती बासष्ट हजारांस घेतली. रिंगा झिजल्या आहेत, तेल पितें, भरल्या ओझ्यानें घाट चढणार नाहीं, असें मीं विक्रीच्या कागदावर लिहून दिलें. तें वाचून तो गृहस्थ मला जरा विक्षिप्त समजला असावा. दलालाच्या पन्नास हजारांपेक्षां मला बारा हजार कमीच मिळाले. ते बारा हजार मीं दान केले असें मला वाटत नाहीं. ते माझे कधीं नव्हतेच.

तरी किती सांगावें ह्या प्रश्नाचें पक्कें सूत्र मला सांपडलें आहे असा माझा दावा नाहीं. वर केलेले तीन वर्ग घराच्या विक्रीस किंवा लग्नाच्या बोलणींस जसेच्या तसे लागतील असें वाटत नाहीं. तेव्हांपासून मी फक्त एक लहानशी कसोटी वापरतों. जी वस्तु मी देत आहें ती घेऊन तो मनुष्य उद्यां पहांटे निघाला, आणि शेजारच्या आसनावर बसा असें त्यानें मला म्हटलें, तर मी बसेन काय? त्या सायंकाळीं त्या तरुणानें मला तसें विचारलें असतें, तर कांहीं तरी काम सांगून मी घरींच राहिलों असतों.